सांगावा पोचला

वडपाडा, ता. सुरगाणा
१६ नोव्हेंबर २०२५

चि. हर्षाली,
मावशीचे आशीर्वाद.

तुझं पत्र भारतनं आणून दिलं. जीपच्या डॅशबोर्डवर पडून त्याचा पार पापड झाला होता, पण आलं. फोन का करत नाहीस म्हणून विचारतेस. अगं, फोनची रेंज शाळेमागच्या टेकडीवर आहे. मी वर पोचेपर्यंत मला असा दम लागतो की तुझी आई ‘हॅलो, हॅलो’ करून ठेवून देते. माझ्या गुडघ्यांनी आता त्या टेकडीला साफ नकार दिलाय. तेव्हा कागदच बरा. भारत मजूर घेऊन पिंपळगावला उतरतो, तुझ्या भावाच्या, योगेशच्या कांद्याच्या खळ्यावर पत्र टाकतो आणि रविवारी तू घरी आलीस की ते तुला मिळतं. एवढं सुरळीत काम सरकारातही होत नाही.

आता तुमच्या ‘सांगावा’ची हकिकत. जूनच्या अखेरीला तुम्ही ऑफिसातले चौघं आलात, शाळेच्या ओसरीत बसलात, पाड्यातल्या एकेका फोनात ते ॲप भरलंत, मालकाचा फोटो काढून नाव घातलंत. तेव्हा भाताची लावणी चालू होती, घरोघरी माणूस होतं. एका घरातून निघालेला निरोप विहिरीवरच्या बाईच्या फोनात, तिथून बांधावरच्या गड्याच्या फोनात, असा उड्या मारत नदीपलीकडे जायचा आणि पोरं टाळ्या पिटायची. आता येऊन बघ. दिवाळी झाली, नागली निघाली, जीपा भरभरून माणसं द्राक्षाच्या नि कांद्याच्या कामाला गेली. फोन त्यांच्या खिशातून गेले. मागे म्हातारी माणसं, कोंबड्या आणि मी. परवा तानुबाईला निरोप पाठवला, तो माझ्याच फोनात मुक्काम ठोकून बसला. शेवटी मीच तिच्या घरी चालत गेले, तोंडानं सांगितलं, आणि तेवढ्यात फोनवर हिरव्या अक्षरात आलं, ‘सांगावा पोचला’. का, तर मी तिच्या फोनाजवळ गेले होते! म्हणजे तुमचा टपालवाला मीच की.

नवसाबाईचा जयराम योगेशच्या खळ्यावर नीट काम करतोय ना? मी शब्द टाकला म्हणून योगेशनं त्याला ठेवलाय, तेव्हा काळजी मलाच. नवसाबाई रोज विचारते. एकुलता एक आहे. त्याचा बाप सावळीराम हल्ली फार खोकतो आणि दवाखान्याचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करतो.

मी ठीक. थकलेय, पण त्याला आता बातमी म्हणता येत नाही.

तुझी,
साधनामावशी

•

नाशिक
२४ नोव्हेंबर २०२५

प्रिय मावशी,
नमस्कार.

तुझं पत्र वाचून हसले आणि मग जरा ओशाळले. फोनवाली माणसंच पाडा सोडून जातील याचा आम्ही विचारच केला नव्हता. लावणीच्या दिवसांत आलो, गजबज बघितली आणि तीच बारमाही धरून बसलो. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, पुढच्या टप्प्यात बघू. आमच्याकडे सगळं पुढच्या टप्प्यात असतं.

सध्या त्यांच्या डोक्यात कुंभमेळा आहे. एवढी गर्दी झाली की टॉवर मान टाकतात, तेव्हा फोन-ते-फोन निरोप जावा, असं मोठं काम मिळवायचंय. त्यासाठी जानेवारीत मोठ्या लोकांपुढे प्रात्यक्षिक. ‘सिम नको, रिचार्ज नको, टॉवर नको’ हे वाक्य मी आता झोपेतही म्हणते. रस्ते सगळीकडे उकरलेत, घरी पोचेपर्यंत अंगात त्राण राहत नाही, जेवतानाही डोळे मिटतात.

पण पाड्याबाहेर निरोप नक्की जातो, हे लक्षात ठेव. भारतच्या फोनात ‘सांगावा’ आहे. तू जयरामला काही लिहिलंस तर ते भारतच्या फोनात बसून खाली उतरेल आणि सुरगाण्याची रेंज लागली की इंटरनेटवरून पुढे जाईल. हिरवं ‘पोचला’ दिसलं की खुशाल झोप. ते खोटं बोलत नाही. निरोप त्या नावाच्या फोनात पडल्याशिवाय तो शब्द उमटतच नाही. बाकीचे म्हणत होते, नुसता पुढे सरकला तरी ‘गेला’ दाखवू. मी त्यावर हट्टाला पेटून भांडलेय.

जयराम मजेत आहे. योगेश म्हणतो, गोण्या शिवायला त्याच्यासारखा हात नाही. पहिल्या पगारात मोठा नवा फोन घेतलाय म्हणे, दिवसभर शर्टाला पुसत असतो. त्याच्या आईला सांग, काळजी करू नकोस.

गुडघ्यांना तेल लाव. लावणार नाहीस, तरी लिहिते.

तुझी,
हर्षाली

•

वडपाडा
१३ डिसेंबर २०२५

चि. हर्षाली,

सावळीराम गेला.

गेल्या शनिवारी संध्याकाळी नवसाबाईनं मला बोलावलं. त्याला श्वास पुरत नव्हता. डॉक्टरकडे नेऊ म्हटलं तर त्यानं हातानं नको केलं आणि म्हणाला, “जयरामला बोलवा.” दोनदा म्हणाला. घरात तानुबाई होती, दारात भारतची जीप उभी. भारत म्हणाला, “बाई, मी असाच निघतो, पिंपळगाव गाठतो आन् त्याला घालून आनतो.” मी तेवढ्यात फोन काढून ‘सांगावा’त लिहिलं, “जयराम, वडील फार आजारी आहेत, तुझं नाव घेतात, लगेच नीघ.” पाठवलं. त्याच सुमारास कोनाड्यातला म्हाताऱ्याचा गाण्यांचा फोन टुणकन वाजला. आजाऱ्याला त्रास नको म्हणून तानुबाईनं तो बंद करून टाकला. आणि माझ्या फोनवर हिरवं आलं. जयराम, सांगावा पोचला.

इतक्या झटकन! मला वाटलं, टेकडीवर कुणी रेंजला बसलं असेल, त्याच्या फोनातून वाट मिळाली. खरं सांगते, मला तुझा अभिमान वाटला. भारतला म्हटलं, “थांब बाबा, निरोप पोचलाय. तो तिकडून गाडी धरेल, तू इथं हाताशी राहा.” भारत थांबला. नवसाबाईनं नवऱ्याच्या कानाशी वाकून सांगितलं, “पोसा निघाला.” पोसा म्हणजे पोरगा.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो दाराकडे बघत होता. मग गेला. माणसं संध्याकाळपर्यंत थांबली. शेवटी पुतण्याकडून सगळं उरकलं. जयराम आला नाही. त्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही.

नवसाबाईनं मला विचारलं, “बाई, त्याला कळलं व्हतं ना?” मी म्हटलं, “हो, कळलं होतं.” ती म्हणाली, “मंग झालं.” तेव्हापासून ती त्याचं नाव घेत नाही. सगळ्यांना बजावलंय की आता कुणी त्याला काही कळवायचं नाही. कळून आला नाही, त्याला पुन्हा काय सांगायचं? तूही त्याला काही बोलू नकोस आणि योगेशलाही बोलू देऊ नकोस. त्या बाईचा तेवढा मान राखू या.

मी त्या पोराला मुळाक्षरं शिकवली गं. इतका राग मला कुणाचा आला नव्हता.

मावशी

•

पिंपळगाव बसवंत
२१ डिसेंबर २०२५

प्रिय मावशी,

तुझं पत्र वाचलं आणि तशीच खळ्यावर गेले. जयराम कांद्याच्या ढिगापाशी बसून गोणी शिवत होता, शेजारच्या गड्याला काहीतरी सांगून हसत होता. मला बघून म्हणाला, “ताई, बाई बऱ्या हायेत ना?” मला शिसारी आली. तू बजावलंस म्हणून तोंड मिटून मागे फिरले, नाहीतर तिथंच त्याला फाडून खाल्लं असतं. योगेशलाही गप्प केलंय.

एक सांगू का, रागावू नकोस. ऑफिसात मी हे बोलले. साहेब खुर्चीत सरसावून बसले. “टॉवर नसलेल्या पाड्यातून मरणाऱ्या बापाचा निरोप मुलापर्यंत पोचला!” त्यांना प्रात्यक्षिकात घालायला गोष्ट हवीच होती, आता हीच घालणार आहेत. मी म्हटलं, मुलगा आला नाही. ते म्हणाले, ते आपल्या हातात नाही, आपलं काम पोचवायचं. मला वाईट वाटलं आणि मावशी, बरंही वाटलं. दोन वर्षं राबतेय, पहिल्यांदाच कुणीतरी म्हणालं की मी केलेलं काम चाललं.

नवसाबाईंना माझा नमस्कार सांग. की नको सांगू?

हर्षाली

•

वडपाडा
१० जानेवारी २०२६

चि. हर्षाली,

जयराम आला होता.

पिंपळगावच्या बाजारात पलीकडच्या पाड्यातली कुणी बाई भेटली, तिला नवसाबाईची ताकीद ठाऊक नव्हती. तिनं विचारलं, बापाच्या दिवसांनाही नाही गेलास का रे? तसा तो कुणाची तरी मोटरसायकल मागून आला. मी शाळेच्या ओसरीतून बघत होते. नवसाबाई अंगणात नागली पाखडत होती. तो समोर उभा राहून म्हणाला, “आये, मला का नाय कळवलं?” ती सुपातून नजर न काढता म्हणाली, “कळवलं व्हतं.” आणि सूप घेऊन आत गेली, दार लावून घेतलं. तो किती वेळ अंगणात उभा होता कोण जाणे, मला बघवेना म्हणून मी आत गेले.

मग शाळेत आला. “बाई, तुमी तरी खोटं बोलू नका. मला कोनी कळवलं नाय.” मी रागानं फोन काढून त्याच्या नाकासमोर धरला. त्याचं नाव, खाली हिरवं ‘पोचला’. त्यानं ते वाचलं. मीच शिकवलेलं वाचन. म्हणाला, “मंग माझंच कायतरी चुकलं आसंल.” आणि निघून गेला.

हर्षाली, खोटं बोलणारं पोर मी रोज बघते. ते तावातावानं बोलतं, हातवारे करतं. याचा आवाज दिवसभर ओझं वाहिलेल्या माणसाचा होता. पण तो शब्द तर माझ्या डोळ्यांसमोर होता.

आता नवसाबाईनं सांगून टाकलंय की होळीला तो या घरात आला तर ती घर सोडून माहेरी जाईल. होळीला इकडचा माणूस जगाच्या पाठीवर कुठंही असला तरी परत येतो. त्या दिवशी ज्याला दार बंद, त्याला कायमचंच बंद. होळीला फार दिवस उरले नाहीत. ती आई आणि तो मुलगा एकमेकांना मुकतील, आणि का ते मला धड कळत नाहीये. तू त्याला एकदा समोर बसवून सरळ विचार. मी घातलेली गप्प राहण्याची अट मीच मोडते.

मावशी

•

नाशिक
१९ जानेवारी २०२६

प्रिय मावशी,

पत्र मिळालं. जयरामशी बोलले. अजून सगळं नीट उलगडलेलं नाही. प्रात्यक्षिक आठवड्यावर आलंय, ऑफिसातून निघायलाच रोज उशीर होतो, डोकं चालत नाही. ते आटोपलं की सविस्तर लिहीन.

काळजी घे.

हर्षाली

•

वडपाडा
५ फेब्रुवारी २०२६

चि. हर्षाली,

एवढं तोकडं पत्र! लहानपणी लोणच्याची बरणी फोडलीस तेव्हाही तू दिवसभर अशीच कमी बोलली होतीस. ‘सगळं उलगडलेलं नाही’ म्हणजे काही उलगडलंय. ते लिही.

तुझं प्रात्यक्षिक झालं असेल. चांगलं झालं असेल तर आनंद आहे. इथं नवसाबाई अर्धी भाकर ताटात तशीच ठेवून उठते. काल मला म्हणाली, “बाई, तुमच्या फोनातलं ते हिरवं पुसून टाका.” मी म्हटलं, पुसून काय होणार? तर म्हणाली, “तुमाला बघितलं का तेच दिसतं मला.” मी गेली बावीस वर्षं या पाड्यात आहे, माझ्याकडे बघून कुणी नजर वळवली नव्हती. आता ती वळवते.

जे असेल ते लिही. माझ्यावर रागावण्यासारखं असेल तर आधी लिही.

मावशी

•

पिंपळगाव बसवंत
१५ फेब्रुवारी २०२६

प्रिय मावशी,

लिहिते. प्रात्यक्षिकाआधीच लिहायला हवं होतं.

जानेवारीत मी जयरामला खळ्याच्या ऑफिसात बसवलं आणि म्हटलं, कुठल्या फोनात आला सांगावा, दाखव. त्यानं नवा फोन काढला. त्यात ‘सांगावा’ नव्हताच. मी विचारलं, ते ॲप कुठंय? तो म्हणाला, “ते तं जुन्यात. तो मी घरीच ठेवला ना, बापाला गानी ऐकायला.”

मावशी, कोनाड्यात टुणकन वाजला तो फोन जयरामचा. म्हणजे आमच्या लेखी जयरामच. जूनमध्ये तुझ्याच ओसरीत मी त्याचा फोटो काढला, त्या फोनावर त्याचं नाव घातलं, आणि तेव्हापासून तो फोन जिथं असेल तिथं जयराम आहे असं धरून चालले. माझा फोन माझ्यापासून हातभर लांब जात नाही. तुमच्याकडे तो घराचा असतो, कंदिलासारखा, जो मागं राहील त्याच्या उपयोगाला. हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सिम काढलेलं होतं, पण आमच्या ॲपला सिम लागत नाही, तोच तर आमचा मोठेपणा. तू बाजेपाशी उभी राहून निरोप पाठवलास, तो समोरच्या कोनाड्यात जाऊन पडला. जवळच्या फोनातून थेट जवळच्या फोनात. म्हणून एवढ्या झटकन ‘पोचला’.

मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, “मग यंत्रणा बरोबरच चालली की. ज्या फोनाला पाठवला त्याला मिळाला.” आणि प्रात्यक्षिकात ती गोष्ट सांगितली गेली. मोठ्या पडद्यावर तुमच्या टेकडीचा फोटो होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पहिल्या रांगेत बसले होते आणि उठले नाही. नंतर तुला लिहायला बसले की कागद फाडून टाकायचे. इतकी दमले होते की खोटं बोलायचंही बळ नव्हतं, म्हणून गप्प राहिले. पण गप्प राहणं तेच.

जयरामला मी त्याच दिवशी सगळं सांगितलं. तो नखांतली माती काढत बसला. मग म्हणाला, “म्हंजे बापानं तो वाजल्याला ऐकला आसंल.” आईला मी सांगू का विचारलं तर नको म्हणाला. “मशिनीनं तोडलं, आता मशिनच सांगते म्हनून ती घरात घेईल व्हय?” याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर बघ.

तू रागावण्यासारखं काही केलं नाहीस. मी तुला खुशाल झोप म्हणून लिहिलं होतं.

हर्षाली

•

वडपाडा
२८ फेब्रुवारी २०२६

चि. हर्षाली,

तुझं पत्र परवा मिळालं. वाचून मी शाळा लवकर सोडली. तुझा राग आला, खोटं कशाला बोलू. पण भारत निघाला होता आणि ‘थांब’ मी म्हटलं, तू नाही. मी एक शब्द वाचला आणि तेवढ्यावर एका बाईला सांगितलं की तुझ्या मुलाला कळलं होतं. त्याला तोंडावर खोटा ठरवलं.

काल नवसाबाईकडे गेले. बैस म्हणाली नाही, तरी बसले. सगळं सांगितलं. तिला फोनांच्या उड्या काही समजेनात. मग मी कोनाड्यातला तो फोन मागितला, शाळेत नेऊन चार्ज केला आणि तिच्यासमोर चालू केला. काच तडकलेली, वर जयरामचा जूनमधला फोटो, खाली माझा निरोप, न उघडलेला. मी तो मोठ्यानं वाचून दाखवला. जयराम, वडील फार आजारी आहेत, तुझं नाव घेतात, लगेच नीघ. तानुबाई दारात उभी होती, ती तोंडाला पदर लावून रडायला लागली. मीच बंद केला म्हणाली. तिला काय माहीत, बिचारीला.

नवसाबाई रडली नाही. तिनं विचारलं, “म्हंजे त्याला सांगायचं ऱ्हाऊन गेलं?”

मी म्हटलं, “हो. राहून गेलं.”

“मंग मानूस धाडाया पायजे.”

इकडची रीत आहे ती. मरणाची खबर घरातून माणूस जाऊन देतो, समोर उभं राहून, तोंडानं. फोन आले तरी ती मोडली नव्हती. यंदा आपण मोडली. मी तिला समजवायला गेले की अगं, त्याला आता ठाऊक आहे, येऊनही गेला, मी उद्या सरपटत टेकडी चढते आणि योगेशला फोन करून त्याला बोलावून घेते. तर म्हणाली, “बाई, तुमी आता कायबी पाठवू नका. त्याला बाजारात कळलं. घरानं सांगितलं नाय.”

“कुणाला धाडणार?” मी विचारलं. पुतण्या आहे, भारत आहे.

“मी जाते,” म्हणाली.

सुरगाण्याच्या बाजारापलीकडे ती कधी गेलेली नाही. जीपमध्ये बसलं की तिला मळमळतं. उद्या पहाटे भारत होळीला येणारी माणसं आणायला रिकामी जीप घेऊन उतरतोय, त्यातून ती येईल. हे पत्र तिच्याच हाती देतेय. तू वाचशील तेव्हा ती तुझ्यासमोर असेल. त्याला आधी काही सांगू नकोस. मला फार थकल्यासारखं झालंय गं, पण आज भाकरी गोड लागली.

मावशी

•

पिंपळगाव बसवंत
१ मार्च २०२६

प्रिय मावशी,

घाईत लिहितेय. भारत जीप घेऊन फाटकात थांबलाय, मजूर टपावर बोचकी बांधताहेत, आणि समोर टपरीत न्हावी जयरामचं डोकं भादरतोय. तेवढ्या वेळात जमेल तेवढं.

नवसाबाई दहाच्या सुमारास उतरल्या. ओकून ओकून चेहरा पांढरा पडला होता. माझ्या आईनं घरात या म्हटलं, चहा घ्या म्हटलं. त्यांनी मानेनंच नको केलं, तुझं पत्र माझ्या हातात ठेवलं आणि विचारलं, “कुठं हाय?” मी खळ्यावर घेऊन गेले. होळीला जायचं म्हणून सगळे हातातली कामं उरकत होते. जयराम गोणी शिवत होता. त्यानं मान वर केली आणि सुई तशीच गोणीत सोडून उभा राहिला. पुढे आला नाही. मला वाटतं, भ्याला.

नवसाबाई ढिगाच्या अलीकडेच थांबल्या. पदर नीट केला. आणि खळ्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “जयराम, तुजा बाप गेला.”

तुमच्याकडची माणसं होती त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी कामं थांबवली, डोक्याची फडकी काढली. योगेशला काही कळेना, तो माझ्याकडे बघायला लागला. मावशी, मला वाटलं, जयराम म्हणेल, ठाऊक आहे मला. दोन महिने झाले ठाऊक होऊन. पण तो म्हणाला, “कवा गं, आये?”

त्या म्हणाल्या, “आत्ता. मी सांगते तवाच.”

तो खाली बसला, कांद्यांतच, आणि मोठ्यानं रडला. जानेवारीपासून मी त्याला बघतेय, गप्प गप्प गोण्या शिवताना. हे रडणं तो कुठं ठेवून होता कोण जाणे. त्या त्याच्याजवळ जाऊन बसल्या आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. श्वास कसा लागला, पाणी कुणी पाजलं, नाव किती वेळा घेतलं, दाराकडे कसा बघत होता. “म्या त्याला सांगितलं, पोसा निघाला. तो त्याच भरवशावर गेला,” म्हणाल्या. फोनाचं नाव दोघांनीही काढलं नाही. मी मात्र तिथंच उभी होते आणि मला लाजेनं वर बघवत नव्हतं. पुढं होऊन म्हटलं, नवसाबाई, माझ्यामुळं झालं हे. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “तू बी बैस.” मी बसले.

मी उद्या साहेबांना लेखी देणार आहे की ती गोष्ट पुन्हा कुठं सांगायची नाही. नोकरी राहील न राहील. आज त्याची भीती वाटण्याइतकंही त्राण नाही, आणि ते बरंच आहे.

न्हाव्याचं झालं. जयराम उठलाय. नवसाबाईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि काहीतरी रागावून म्हणाल्या, बहुतेक बारीक झालास म्हणून. भारत हॉर्न वाजवतोय.

हे पत्र जयरामच्याच हाती देतेय, म्हणजे तो तुझ्या ओसरीत येईल. त्याला बसव, चहा दे. आणि मावशी, तुझा तो निरोप तूही त्याला एकदा तोंडानं सांग. ऐकेल तो.

तुझी,
हर्षाली